मागून येणाऱ्याचा हक्क

आपल्या मालकीच्या गाडीचा हौदा आपल्याच हातांनी लांब करावा की नाही, हा प्रश्न नीतीच्या विचारात कशाला आणावा, असे कोणी म्हणेल. तो गॅरेजवाल्याचा प्रश्न आहे असे वरवर दिसते. परंतु आम्हांस वाटते की मनुष्याचे कर्तव्य पुष्कळदा अशा नटबोल्टांच्या कामातच तपासले जाते.

वडोदऱ्यात राहणाऱ्यांना हे चित्र नवे नाही. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतून, बाजारातील पाइपांच्या नि सळयांच्या दुकानांतून लहान मालगाड्या पादरा, डभोई, सावलीकडे निघतात. ज्या गाडीला लोक ‘छोटा हत्ती’ म्हणतात, तिचा हौदा सुमारे सात फुटांचा. मोठ्या पिकअपचा आठ-नऊ फुटांचा. पण शेतात घालायचा प्लॅस्टिकचा पाइप बहुधा सहा मीटरांचा, म्हणजे जवळजवळ वीस फुटांचा असतो. मग काय करावे? मागचा फाळका उघडून साखळ्यांवर आडवा ठेवायचा, किंवा मागे लोखंडी चौकट जोडून हौदाच वाढवायचा.

अमेरिकेत अशा चौकटी तयार विकत मिळतात, कारण तेथे घरोघरी पिकअप गाड्या आहेत. आपल्याकडेही २०१६ साली इसुझूची व्ही-क्रॉस आणि २०२२ साली टोयोटाची हायलक्स आली, आणि हौसेने पिकअप बाळगणारे दिसू लागले. त्यांचा हौदा जेमतेम पाच फुटांचा. चौकट बसवण्याचे काम फार अवघड नाही. हौद्याच्या दोन्ही भिंतींना भोके पाडून ब्रॅकेट आवळायचे आणि नळ्यांची चौकट उघड्या फाळक्यावर उलटवायची. ज्याला ड्रिल धरता येते तो हे काम घरीच करतो. भोकांच्या उघड्या पत्र्याला रंग लावला नाही तर तेथून गंज धरतो, आणि बोल्ट थोड्या प्रवासानंतर पुन्हा आवळावे लागतात, एवढे जाणणारा मनुष्य काम चांगले करतो.

अशा मनुष्याला आम्ही नावे ठेवीत नाही. ज्या गुजरातेत मोटारसायकलचे पुढचे धड घेऊन त्याला मागे फळ्यांचा हौदा जोडणारा छकडा जन्माला आला, तेथे हाताच्या कारागिरीला कमी लेखणे शोभणार नाही. आळसाने दुसऱ्यावर विसंबण्यापेक्षा स्वतः करणे बरे. परंतु ज्या क्षणी आपण स्वतः करतो, त्या क्षणी एक गोष्ट बदलते. कारखान्याने केलेल्या कामाची जबाबदारी कारखान्यावर आणि तपासणाऱ्यावर वाटलेली असते. आपण पाडलेल्या भोकाची जबाबदारी सगळी आपल्या एकट्यावर येते.

आणि ही जबाबदारी कोणाविषयी? येथे थोडा हिशेब करू. गाडीच्या पुढच्या व मागच्या चाकांत तीन मीटर अंतर आहे, आणि मागच्या चाकांच्याही मागे दीड मीटरवर शंभर किलो ओझे ठेवले आहे असे धरा. तराजूच्या दांडीच्या न्यायाने मागच्या चाकांवर शंभर नव्हे तर दीडशे किलो भार पडतो, आणि पुढच्या चाकांवरचा पन्नास किलो उचलला जातो. पुढची चाके हलकी झाली की सुकाणू सैल वाटते. पुढचे दिवे वर उचलले जाऊन समोरच्याच्या डोळ्यांत जातात. उघड्या फाळक्यामागे नंबरप्लेट लपते, लोंबत्या मालाने मागचे दिवे झाकतात. मालकाला ह्यातले काही दिसत नाही. तो पुढे पाहत असतो. दिसते, किंवा दिसत नाही, ते मागून येणाऱ्याला.

कायद्याने हे ओळखले आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम नोंदणीतील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाहीत असा बदल करण्यास मनाई करते. माल मागे एक मीटरपर्यंत बाहेर ठेवण्याची पूर्वीची सवलत २०१४ साली काढून घेण्यात आली. २०१९ च्या दुरुस्तीने मर्यादेबाहेर माल काढणाऱ्यास २०,००० रुपये दंड ठरविला, आणि तो केवळ चालकास नव्हे, तर तसे करावयास लावणाऱ्यास आणि करू देणाऱ्यासही. आम्हांस हे शब्द फार महत्त्वाचे वाटतात. “एकाच खेपेत ने, दुसऱ्या खेपेचे भाडे मिळणार नाही” असे सांगणारा व्यापारी ह्यातून सुटत नाही.

कोणी म्हणेल, गरिबाने काय करावे? दुसऱ्या खेपेला डिझेल लागते. हे खरे आहे, आणि हलके घेण्यासारखे नाही. परंतु तो खर्च कोणी तरी सोसणारच. तो मालाच्या किमतीत धरला तर ज्यांना माल हवा ते सोसतील. तो न धरता पाइप बाहेर काढले, तर रात्री महामार्ग ४८ वर दुचाकीने घरी जाणारा अनोळखी मनुष्य सोसेल, ज्याला ह्या व्यवहारात एक पैसा मिळणार नव्हता आणि ज्याला कोणी विचारले नव्हते. लाल फडके बांधले म्हणून आपण मोकळे झालो असेही नाही. अंधारात लाल फडके काळेच दिसते.

अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्याला धाब्यावर कठडा घालण्याची आज्ञा आहे, कोणी पडून मेला तर रक्तपाताचा दोष त्या घरावर येऊ नये म्हणून. विचार करा, हा कठडा मुख्यतः कोणासाठी? घरधन्याला आपल्या धाब्याची कड ठाऊक असते. ती ठाऊक नसते पाहुण्याला, मुलाला, अंधारात वर गेलेल्याला. जो वस्तू बनवतो, त्याने ती न जाणणाऱ्याच्या डोळ्यांनी पाहावी, हा त्या आज्ञेचा अर्थ आम्ही घेतो. कठडा घालणाऱ्याचे कोणी आभार मानीत नाही, कारण जो पडला नाही त्याला आपण वाचलो हे कळतच नाही.

म्हणून चौकट बसवूच नये, असे आमचे म्हणणे नाही. तीच चौकट आत उलटवून फाळका बंद केला, तर सुटे सामान हौद्यात घरंगळत नाही, आणि गाडी एक बोटही लांब होत नाही. पाइप लांब असतील तर लांब गाडी करावी, किंवा तीन मीटरांचे घ्यावेत, सांधे जास्त पडले तरी. आणि कोणतीही मालगाडी भरून झाल्यावर, किल्ली फिरवण्यापूर्वी, मालकाने वीस पावले मागे चालत जावे, दुचाकीवर बसलेल्याच्या उंचीइतके वाकावे, आणि तेथून आपल्या हातचे काम पाहावे. तेथून जे दिसेल तेच त्या कामाचे खरे मोल.