लठ्ठपणा : दोष कोणाचा?

लठ्ठपणा ही देहाची अवस्था की स्वभावाचा दोष, हा प्रश्न नीतिशास्त्राचा आहे, पण त्याचे उत्तर किशोरवयीन मुलांना वर्गात आणि घरातल्या पंगतीत परस्पर ऐकवले जाते. ख्रिस्ती परंपरेत पोप पहिला ग्रेगरी याने सहाव्या शतकाच्या अखेरीस महापातकांत खादाडपणा धरला. वेळेआधी खाणे, जिभेचे चोचले पुरवणे, अधाशीपणा ही त्याची रूपे त्याने सांगितली. त्यांत पोटाचा घेर नाही. काडीपैलवानही या पातकाचा धनी होऊ शकतो. लोकव्यवहाराने मात्र आकारावरून थेट स्वभाव वाचला.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात आठ निंदित देहांमध्ये अतिस्थूल येतो. (अतिकृशही त्याच यादीत आहे, हे सोयीने विसरले जाते.) पण कारणे देताना अतिआहार, व्यायामाचा अभाव आणि दिवसाची झोप यांच्यासोबत ‘बीजस्वभाव’, म्हणजे आईवडिलांकडून आलेली घडण, हाही नोंदवला आहे. १९९४ साली भुकेवर परिणाम करणाऱ्या लेप्टिन या संप्रेरकाचा शोध लागला आणि आनुवंशिकतेचा हा वाटा अधिक स्पष्ट होत गेला. इच्छाशक्तीला स्थान उरते, पण एकटीला नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये ५ ते १९ वयोगटातील सुमारे १६ कोटी मुले लठ्ठ होती. या वयात मन स्वतःकडे इतरांच्या डोळ्यांनी पाहते. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एलकाइंड यांनी १९६७ साली याला ‘काल्पनिक प्रेक्षक’ म्हटले. लठ्ठ मुलाचे प्रेक्षक मात्र पुष्कळदा खरेच असतात. ‘ढोल्या’, ‘जाडी’ ही हाक चिडवणाऱ्याला गंमत वाटते, ऐकणाऱ्याला ती ओळख वाटू लागते. अपराधभाव कृतीबद्दल असतो, लाज स्वतःच्या असण्याबद्दल. म्हणून लाजेतून सुधारणा क्वचितच निघते. मूल पीटीचा तास चुकवते, खेळात शेवटी निवडले जाण्यापेक्षा बाहेर बसणे पत्करते, चोरून खाते, कधी उपाशी राहून मग तुटून पडते. वजन वाढते आणि ‘आळशी’ हा आरोप सिद्ध झाल्यासारखा दिसतो. नैराश्य आणि लठ्ठपणा असे एकमेकांना दोन्ही बाजूंनी पोसतात.

‘तू म्हणजे देह नव्हेस’ हे वेदान्ताचे सांत्वन इथे अपुरे पडते, कारण ते चुकीच्या माणसाला ऐकवले जाते. देहालाच माणूस समजण्याची चूक हसणारा करत असतो. पुराणकथेत लंबोदराला हसल्याबद्दल शाप चंद्राला मिळतो. भाद्रपद चतुर्थीला चंद्र न पाहण्याची रूढी त्यावरूनच आहे. ती पाळणाऱ्या घरातही नातवाच्या पोटावर विनोद होतात.

लठ्ठपणाने मधुमेह आणि रक्तदाब यांचा धोका वाढतो, तेव्हा उपचार टाळून चालत नाही. परंतु दोष आणि जबाबदारी या दोन गोष्टी आहेत. जबाबदारी तिथवरच जाते जिथवर निवड पोहोचते. चौदा वर्षांच्या मुलाच्या घरी किराणा कोण भरतो, डब्यात काय जाते, शाळेला मैदान आहे का आणि शिकवणी किती वाजता सुटते, यांपैकी फार थोडे त्याच्या हाती असते.