जैव-अर्थव्यवस्थेच्या हिशेबातले पाणी

पिके, सूक्ष्मजीव आणि शेतीतील अवशेष यांपासून इंधन, रसायने व इतर वस्तू तयार करणाऱ्या उत्पादनव्यवस्थेला जैव-अर्थव्यवस्था म्हणतात. खनिज तेलावरील भिस्त कमी व्हावी आणि हवेत कर्बवायू कमी जावा, हे तिचे जाहीर हेतू असल्यामुळे तिच्याविषयीच्या चर्चेत पर्यावरणाला आरंभीच मान मिळतो. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर केलेल्या ‘बायो-ई३’ धोरणाच्या नावातच अर्थव्यवस्था आणि रोजगार यांच्या जोडीला पर्यावरण आहे. मात्र धोरणाचे समर्थन करण्यापुरताच हा मान असतो. उत्पादन कोठे थांबवावे हे सांगण्याचा अधिकार त्यातून पर्यावरणाला मिळत नाही.

इथेनॉलच्या बाबतीत हे स्पष्ट दिसते. साखर काढून झाल्यावर उरणारा दाट द्रव, म्हणजे मळी, हा मुळात उपपदार्थ असल्याने तिच्यापासून केलेल्या इथेनॉलवर फारसा आक्षेप घेता येत नाही, आणि त्या पैशातून शेतकऱ्यांची थकलेली ऊसबिले भागण्यास मदत झाली, हा लाभही खरा आहे. प्रश्न उभा राहतो तो उसाचा रसच इंधनाकडे वळू लागतो तेव्हा. साखरेच्या मार्गाने एक लिटर इथेनॉल मिळवण्यास सुमारे २,८६० लिटर पाणी लागते, हे नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच नोंदलेले आहे. तरीही पेट्रोलमधील २० टक्के मिश्रणाची मुदत पुढच्याच वर्षी २०३० वरून अलीकडे ओढण्यात आली. कर्बबचतीचा आकडा धोरणाचा ठरला आणि मराठवाड्यातील भूजल दुसऱ्या खात्याचा विषय राहिले. डिसेंबर २०२३ मध्ये रसाच्या वापरावर निर्बंध आले, पण ते साखर कमी पडेल या चिंतेने. पावसाने ओढ दिलेल्या त्या वर्षीही पाणी हिशेबात शिरले ते साखरेच्या घटीमार्फत, स्वतःच्या हक्काने नव्हे.

अन्नाऐवजी अवशेषांपासून केलेले ‘दुसऱ्या पिढीचे’ इंधन हा यावरचा तोडगा मानला जातो, आणि जो पेंढा एरवी जाळलाच जाणार त्याच्यापुरता तो रास्तही आहे. परंतु उसाचे पाचट सरीत आच्छादन म्हणून राहिले, तर ते बाष्पीभवन रोखते आणि कुजून जमिनीचा सेंद्रिय कर्ब वाढवते. त्याला टाकाऊ ठरवताना जमिनीची गरज वगळलेली असते. शेतातून किती पाचट उचलता येईल, हे तेथील माती आणि पाणी पाहून प्रकल्पाची क्षमता ठरण्यापूर्वीच निश्चित व्हायला हवे, कारण भांडवल गुंतल्यानंतर यंत्राची भूकच ते प्रमाण ठरवू लागते.