टॉनिकची बाटली आणि विसावा

कापूस वेचणीचे दिवस आले की आपल्या यवतमाळ जिल्ह्यात घरोघरी एकच वाक्य ऐकू येते, "अंगात त्राणच नाही राहिलं." मग कोणीतरी बाजाराच्या दिवशी ताकदीच्या औषधाची बाटली घेऊन येतो. आणणाऱ्याच्या मनात प्रेम असते, हे आपण आधी मान्य करू. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. थकलेल्या माणसाच्या हाती बाटली दिली म्हणजे आपले कर्तव्य संपले काय?

थकवा हा पुष्कळदा शरीराने धाडलेला निरोप असतो. रक्त कमी असणे, मधुमेह, क्षयरोग, विदर्भात आढळणारा सिकलसेल, मनाचे नैराश्य, हे सारे प्रथम थकव्याच्याच रूपाने येऊ शकतात. २०१७ साली आपल्याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे २० शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात गेले. काही कीटकनाशके मज्जातंतूंचे कामच बिघडवतात. गरगरणे, अंधुक दिसणे, हातपाय गळणे ही त्याची लक्षणे. त्याला 'नसांची कमजोरी' समजून टॉनिक पाजत बसलो, तर मोलाचे तास हातचे जातात. नसांची दुर्बलता बरी करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, ती उगाच नाही. शिवाय आसव-अरिष्टांत आंबवण्यातून तयार झालेले मद्य थोडेफार असतेच. दारू सोडलेल्या माणसाला ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

तपासणीत रक्त कमी निघाले तर डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या जरूर घ्याव्यात. पण गोळीने डोक्यावरचा भारा हलका होत नाही.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपल्या गावात बैलांचे खांदे हळद-तुपाने मळतात. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मानेवर जू ठेवत नाहीत. त्याच दिवशी पुरणपोळ्या लाटणाऱ्या माऊलीचे खांदे कोण मळतो? विसाव्याची आज्ञा देताना परमेश्वराने घरधन्यासोबत दासदासींची आणि गुराढोरांचीही नावे घेतली. म्हणजे विसावा नुसता घ्यायचा नसतो, तो दुसऱ्याला द्यायचाही असतो.

कोणी म्हणेल, "रोजी बुडाली तर चूल कशी पेटेल?" हे खरेच आहे. हातावर पोट असलेल्याला आराम कर म्हणणे सोपे, आणि कधीकधी निर्दयही. म्हणूनच थकलेल्याला उपदेश करून भागत नाही. त्याच्या वाट्याचे काही काम आपल्या अंगावर घ्यावे लागते. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला बोल लावला नाही. भाकर दिली, पाणी दिले, झोपू दिले, पुन्हा उठवून जेवू घातले. पुढे परमेश्वराने त्याला एलीशाची सोबतही दिली.

बाटलीला पैसे लागतात, सोबतीला वेळ लागतो. पैसे देऊन वेळ वाचवण्याचा मोह आपल्या सर्वांनाच होतो.

या आठवड्यात घरात जो सर्वांत शेवटी जेवतो, त्याला आपण विचारू या, "तुझे कोणते काम मी करू?" कोणी जगण्याचाच कंटाळा आल्याचे बोलत असेल, तर त्याला एकटे सोडू नये. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन विनामूल्य लागतो आणि मराठीतही बोलता येते. फोन लावून देणे आणि शेजारी बसून राहणे, एवढे आपल्यापैकी प्रत्येकाला जमेल.