कर्ण्याचा नाद कोणासाठी?

(वाचनासाठी : गणना १०:१-१०, लेवीय २५:८-१३, १ करिंथ १५:५०-५८)



गेल्या हिवाळ्यात छत्तीसगडातील भिलाई येथे काही मराठी ख्रिस्ती कुटुंबांबरोबर शास्त्राभ्यास घेण्याचा योग आला. १९५५ साली सोव्हिएत संघाशी झालेल्या करारानुसार येथे पोलादाचा कारखाना उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि देशाच्या सर्व भागांतून माणसे येथे पोट भरण्यास आली. ज्यांच्या घरी मी उतरलो होतो, ते वृद्ध गृहस्थ गोंदियाकडून आलेले. सारी हयात पाळ्यांच्या घड्याळावर गेली. आता वय ऐंशीच्या पुढे.

त्यांचा नातू रोज सकाळी मागच्या अंगणात बिगुल फुंकण्याचा सराव करी. शाळेच्या पथकात २६ जानेवारीच्या संचलनासाठी त्याची निवड झाली होती. सूर मात्र काही केल्या लागत नसे. एका संध्याकाळी आजोबांनी मला विचारले, "बंधू, शेवटला कर्णा वाजेल असे पौल लिहितो. तो कर्णा म्हणजे ह्या पोराच्या बिगुलासारखाच का?" नातू मध्येच म्हणाला, "कर्णा म्हणजे लाउडस्पीकर ना?" आम्ही सर्व हसलो. आजोबा हसले नाहीत. ते हळूच म्हणाले, "मला त्या कर्ण्याची भीती वाटते."

प्रिय वाचका, भाषांतराचे काम करणाऱ्याला असा प्रश्न झोपू देत नाही. मूळ भाषेतील निरनिराळे शब्द आपण आपल्या भाषेत आणतो, तेव्हा त्यांच्याबरोबर आपल्याकडील आठवणीही येऊन चिकटतात. मराठी माणसाला 'शिंग' म्हटले की रण आठवते, 'तुतारी' म्हटले की मिरवणूक किंवा केशवसुतांची १८९३ सालची कविता आठवते, आणि 'बिगुल वाजला' असे वर्तमानपत्रात वाचले की निवडणूक जवळ आली असे कळते. आजच्या मुलाला तर 'कर्णा' म्हणजे खांबावर टांगलेला ध्वनिक्षेपकच ठाऊक. त्या मुलाचे काय चुकले?

'बिगुल' हा शब्द आपल्याकडे इंग्रजीतून आला. त्याचे मूळ ज्या लॅटिन शब्दात आहे, त्याचा अर्थ आहे लहान बैल. बैलाच्या शिंगाचे वाद्य झाले आणि पुढे ते पितळेचे झाले, तरी नाव जनावराचेच राहिले. इब्री भाषेतही असेच घडले. 'योबेल' म्हणजे एडका. मग एडक्याचे शिंग. आणि मग ते शिंग फुंकून ज्या वर्षाची घोषणा होई, ते वर्षही योबेल. यरीहोभोवती सात याजकांनी जी शिंगे फुंकली, त्यांच्या वर्णनातही हाच शब्द आहे. 'शोफार' हेही शिंगच. परंतु गणनाच्या दहाव्या अध्यायात मोशेला जे दोन कर्णे करण्यास सांगितले, ते घडीव चांदीचे. त्यांना इब्रीत निराळेच नाव आहे. इ. स. ७० मध्ये यरुशलेमेचा पाडाव झाल्यावर रोमी सैन्याने मंदिरातून जी लूट नेली, तिच्यात दीपवृक्षाबरोबर असे लांब सरळ कर्णेही कोरलेले रोममधील तीताच्या कमानीवर आजही दिसतात.

आता त्या मुलाच्या बिगुलाकडे पुन्हा पाहू. त्याला ना कळा, ना भोके. ओठांच्या ताणाने मोजके पाच-सहा स्वर निघतात, तेवढीच त्याची पुंजी. तेवढ्याच स्वरांत शिपायाला पहाटे उठवले जाते आणि तेवढ्याच स्वरांत वीराला अखेरची मानवंदना दिली जाते. मग उठण्याची हाक आणि निरोपाची हाक वेगळी ओळखायची कशी? ऐकणाऱ्याला ती आधी शिकवलेली असते म्हणून! चांदीच्या कर्ण्यांचेही तसेच होते. दोन्ही वाजले तर सारी मंडळी यावी, एकच वाजला तर सरदारांनी यावे, इशाऱ्याचा नाद झाला तर तळ हलवावा. तेच कर्णे युद्धात, आणि तेच सणाच्या दिवशी अर्पणांवर. म्हणूनच पौल करिंथकरांना बजावतो की, कर्ण्याचा नाद संदिग्ध असला तर लढाईची तयारी कोणी करणार नाही (१ करिंथ १४:८). आणि आपला प्रभू डोंगरावरील प्रवचनात सांगतो की, दानधर्म करताना आपल्यापुढे कर्णा वाजवू नका (मत्तय ६:२). वाद्य चांगले असून पुरत नाही. ते कोणासाठी वाजते, ह्यावर त्याचा अर्थ ठरतो.

मी आजोबांना म्हणालो, "बाबा, तुम्ही आजवर इशाऱ्याचाच कर्णा ऐकलात. योएलाचा ऐकलात, यहेज्केलाच्या पहारेकऱ्याचा ऐकलात. ते खरेच आहेत. परंतु लेवीयाचा पंचविसावा अध्याय उघडा." मग आम्ही तो सावकाश वाचला. पन्नासाव्या वर्षी शिंग फुंकावयाचे, ते सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी, म्हणजे प्रायश्चित्ताच्याच दिवशी. आधी पापक्षमा, मग सुटकेचा नाद. तो नाद झाला की दास आपल्या घरी परतावा आणि विकली गेलेली जमीन आपल्या कुळाकडे परत यावी. ज्याचे प्रायश्चित्त ख्रिस्ताने केले आहे, त्याला शेवटला कर्णाही सुटकेचाच आहे. थेस्सलनीकाकरांना देवाच्या कर्ण्याविषयी लिहून झाल्यावर, ह्या वचनांनी एकमेकांना धीर द्या, असेच पौल सांगतो. एकमेकांना भिववा असे सांगत नाही.

आजोबा बराच वेळ स्तब्ध होते. नंतर म्हणाले, "जमीन परत यावी, असे आहे ना? गावी धाकट्या भावाच्या वाट्याचे दीड एकर धान माझ्या नावावर आहे. तीस वर्षे झाली." त्यांच्या भीतीचे मूळ तेथे होते. मी काही बोललो नाही. सकाळी त्यांनी नातवाला हाक मारली, वही-पेन मागितले आणि भावाला पत्र सांगू लागले. त्यांच्याच अनुमतीने हे लिहीत आहे.

वाचका, शेवटच्या कर्ण्याची भीती तुलाही वाटते काय? मग कोणाचे देणे, कोणाचा वाटा, कोणाची क्षमा तुझ्याजवळ अडकून पडली आहे, हे पाहा. प्रायश्चित्त झालेले आहे. ते आपल्याला करावयाचे नाही. आपल्याला हात उघडावयाचा आहे. जो आज आपल्या भावाला मोकळे करतो, तो योबेलाचा नाद ओळखावयास शिकतो. ज्या दिवशी तो आकाशातून येईल, त्या दिवशी तो त्याला परका वाटणार नाही.

प्रभू आपले कान उघडो. आमेन.