उखडलेल्या रुळांचा अभाव

न्यायशास्त्र शिकवताना जमिनीवरच्या घड्याचा दाखला हमखास येतो. 'इथे घडा नाही' असे आपण म्हणतो, तेव्हा आपल्याला नेमके काय कळते? नुसती जमीन कळते, की घड्याचा अभाव नावाचे आणखी काही? पहिल्यांदा ऐकताना ही शब्दांची कसरत वाटते. पण मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर जाऊन घड्याच्या जागी रूळ ठेवले, तर या प्रश्नाचे वजन कळते. बॅलार्ड पिअरपासून वडाळ्यापर्यंत मुंबई पोर्ट ट्रस्टची स्वतःची रेल्वे 1915 मध्ये सुरू झाली. गोदीत उतरलेला माल आणि बोटीत चढायचा कापूस तिच्या वाघिणींतून जात-येत असे. विलायती बोटींनी आलेली टपाल आणि उतारू बॅलार्ड पिअरच्या स्टेशनातच गाडीत बसत. 1928 मध्ये सुरू झालेल्या फ्रंटिअर मेलचे नाव याच धक्क्याशी जोडलेले आहे. 14 एप्रिल 1944 रोजी फोर्ट स्टिकिन बोटीच्या स्फोटाने गोदी हादरली, तरी ती पुन्हा उभी राहिली. मात्र 1989 मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले, कंटेनरना लागणारी ऐसपैस जागा तिकडे मिळाली आणि व्यापार खाडीपलीकडे सरकला. 1880 ची प्रिन्सेस डॉक आणि तिच्या शेजारची व्हिक्टोरिया डॉक या शतकात भराव घालून बुजवण्यात आल्या. रेल्वेही हळूहळू निकामी झाली. या जमिनीचे पुढे काय करायचे याची चर्चा निघते, तेव्हा तिच्याबद्दल एक शब्द सहज वापरला जातो: रिकामी. माझा आक्षेप या शब्दाला आहे.

वैशेषिकांनी अभावाला सातवा पदार्थ मानले आणि त्याचे चार प्रकार केले. त्यांतले दोन इथे कामाचे आहेत. वस्तू निर्माण होण्यापूर्वी असतो तो प्रागभाव. त्याला सुरुवात नसते, पण वस्तू घडली की तो संपतो. वस्तू नष्ट झाल्यावर येतो तो प्रध्वंसाभाव. त्याला सुरुवात असते, शेवट मात्र नसतो. फुटलेल्या घड्याच्या जागी दुसरा घडा ठेवता येतो, पण फुटलेला घडा फुटलेलाच राहतो. शिवाय अभाव मोघम नसतो. तो कशाचा, म्हणजे त्याचा प्रतियोगी कोणता, हे ठाऊक असल्याशिवाय त्याचे ज्ञानच होत नाही. रूळ जिथे रस्ता ओलांडत, तिथे डांबरात बुजलेल्या दोन लोखंडी रेघा कधीकधी दिसतात. त्यांच्यातले अंतर 1676 मिलिमीटर भरले, तर तो भारतीय ब्रॉडगेज. ज्याला गेज ठाऊक नाही त्याच्या लेखी त्या पायाला अडखळणाऱ्या रेघा. ज्याला ठाऊक आहे त्याला तिथे थांबलेली मालगाडी, फाटक आणि सांधेवाला जाणवतो. कुंपणाच्या भिंतीचे लांब, संथ वळणही असेच वाचता येते, कारण वाघिणींची रांग काटकोनात वळत नाही. कॉटन ग्रीन आणि दाणा बंदर ही नावे तर प्रतियोगीच सांगतात. 'रिकामी' म्हणणारा माणूस खोटे बोलत नसतो. त्याला प्रतियोगी ठाऊक नसतो, एवढेच.

यावर प्राभाकर मीमांसकांचा आक्षेप तयार आहे. अभाव म्हणून वेगळे काही नाही. जे आहे ते केवळ अधिष्ठान, नुसती जमीन. डांबरातल्या रेघा, वळण, नावे ही सगळी 'असलेली' चिन्हे आहेत, मग अभाव मधे आणायचाच कशाला? आक्षेप तगडा आहे, पण 'नुसती' या शब्दातच तो अडकतो. जमीन नुसती आहे म्हणजे तिच्यावर काहीतरी नाही, आणि जे बाजूला सारायचे तेच इथे मागच्या दाराने आत येते. चिन्हांचेही तसेच. रेघ ही आधी फक्त रेघ असते. ती कशाची खूण आहे, हे तिच्याजवळ नसलेल्या गोष्टीवरून ठरते. रूळ कधी पडलेच नाहीत अशी जमीन आणि रूळ उखडलेली जमीन, दोन्ही सपाट करून शेजारी ठेवल्या तर डोळ्यांना सारख्याच दिसतील. तरी त्यांच्याबद्दलची खरी विधाने वेगळी असतील. ज्यामुळे विधान खरे ठरते, त्याला काहीच नाही कसे म्हणायचे?

दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो. ही जमीन मुळात समुद्राची होती. अलेक्झांड्रा डॉकसाठी खणलेल्या मातीवर बॅलार्ड इस्टेट उभी राहिली, शिवडीकडची खाजणे भराव घालून बुजवली गेली. रेल्वेसाठी हळहळायचे आणि तिच्याखाली गाडलेल्या किनाऱ्याबद्दल गप्प बसायचे, हा न्याय कुठला? उत्तर एवढेच की प्रध्वंसाभावाला शेवट नाही, म्हणून किनाऱ्याचाही अभाव तिथे आहे आणि तोही मोजायला हवा. एका जागी अनेक अभाव नांदू शकतात. याचा अर्थ सगळे जपून ठेवावे, पुन्हा रूळ टाकावेत असा होत नाही. हजारो हमालांच्या पाठीवर चाललेल्या त्या कष्टांची आरती ओवाळण्याचेही कारण नाही. त्यांना कायद्याचे संरक्षण द्यायला 1969 चा माथाडी कायदा यावा लागला, हे विसरून चालणार नाही. जाणणे वेगळे आणि जपणे वेगळे. पण जाणण्याशिवाय जपायचे काय आणि सोडायचे काय, हे ठरवताच येत नाही.

नियोजनाच्या नकाशावर उद्याची बाग आणि उद्याच्या इमारती आखलेल्या असतात. तो नकाशा प्रागभावाचा असतो, आणि बांधकाम पुरे झाले की तो अभाव संपेल. त्याच कागदावर दुसरा अभाव कधी न संपणारा आहे. त्याला बाग नको, स्मारकही नको. जुन्या मार्गाची एक तुटक रेघ आणि 'रिकामी' या शब्दाच्या जागी 'इथे रेल्वे होती' हे तीन शब्द, एवढे त्याला पुरे आहे.