ओळंबा

बंदुकीवरची दुर्बीण जराशी कललेली असली, तर जवळच्या निशाण्यावर ती चूक मुळीच कळत नाही. इंग्लंडात बिस्लीच्या मैदानावर १८९० पासून नेमबाजीच्या स्पर्धा भरतात. तेथे १००० यार्डांवरही नेम धरतात. एवढ्या प्रवासात गोळी सुमारे १० मीटर खाली येते. म्हणून नेमबाज दुर्बिणीची कळ फिरवून तेवढी उंची भरून काढतो. पण दुर्बीण १ अंश कललेली असेल, तर ही भर सरळ वर न जाता तिरपी जाते, आणि गोळी सुमारे १७ सेंटीमीटर बाजूला पडते.

म्हणजे चूक वाढते ती हयगयीने नव्हे, दुरुस्तीनेच! सदसद्विवेकबुद्धीचेही असेच नसेल का? घरातल्या चार माणसांत आपला न्याय सरळच वाटतो. परक्याला किंवा पुढच्या पिढीला न्याय द्यावयाची वेळ येते, तेव्हा जितक्या तळमळीने आपण सुधारावयास जातो, तितका तो कल उघडा पडतो.

नेमबाजाचा उपाय गवंड्याचाच आहे. समोर दूरवर ओळंबा टांगावयाचा, बंदूक पाणसळीने समतल ठेवावयाची, आणि दुर्बिणीतील उभी रेघ दोरीशी जुळल्यावरच स्क्रू आवळावयाचे. नुसत्या नजरेवर विसंबावयाचे नाही. ती सवयीच्या कलालाच सरळ म्हणते. दोरी मात्र कोणाची भीड धरीत नाही.

आपली भीड न धरणारे एखादे माणूस प्रत्येक घरात असते. आपण त्याच्यावर रागावतो. मताचे स्क्रू आवळण्यापूर्वी एकदा त्याच्याकडे पाहावे.