नव्या हत्याराला पहिले कुंकू

नवे हत्यार घरात आले की आधी त्याला हळदकुंकू लागते आणि मगच ते कामाला लागते, ही मराठवाड्यातील अनेक शेतकरी घरांची रीत आहे. धाराशिव जिल्ह्यात विळा, खुरपे, कुऱ्हाड, कोयता यांची वर्षाची पूजा खंडेनवमीला, म्हणजे आश्विन शुद्ध नवमीला होते आणि पूजेला मांडलेले हत्यार त्या दिवशी कामाला काढत नाहीत. रीत साधी आहे, पण तिच्या पोटात धर्मविचारातला एक अवघड प्रश्न आहे. ज्याचे कामच कापणे, त्या वस्तूत पुजण्यासारखे काय असते? धातू, धार, घडवणाऱ्याचे कसब, की वापरणाऱ्याचा हेतू?

या प्रश्नासाठी नेपाळची खुकुरी हे फार बोलके उदाहरण आहे. हातघडणीची नवी खुकुरी म्यानातून काढताच पहिल्यांदा जाणवते ते तिचे वजन. पाते मध्येच पुढे झुकलेले असते. पाठीला ते सेंटिमीटरभर जाड असू शकते आणि धारेकडे येताना निमुळते होत जाते. तोल मुठीपासून लांब, पात्याच्या फुगीर भागात असतो. त्यामुळे घाव घालताना मनगटाला फार जोर लावावा लागत नाही. मूठ म्हशीच्या शिंगाची किंवा शिसवीची असते. मुठीजवळ पात्यात एक लहानशी खाच असते. कोणी तिला गाईच्या खुराची खूण मानतो, कोणी शिवाचा त्रिशूळ, तर कोणी रक्त मुठीवर ओघळू नये म्हणून केलेली सोय. म्यानात आणखी दोन छोटी पाती असतात: बारीकसारीक कापण्यासाठी कर्द, आणि धार नीट करायला किंवा गारगोटीवर ठिणगी पाडायला बोथट चकमक. पाते उजेडात तिरपे धरले की हातोडीचे ठसे आणि दोन्ही बाजूंतला किंचित फरक दिसतो. कारखान्यातल्या सुऱ्यांची सवय झालेल्या गिऱ्हाइकाला तो दोष वाटतो. खरे तर लोखंड कुठे ठोकले, कुठे सोडले, याची ती नोंद आहे. अशी दोन पाती तंतोतंत सारखी निघत नाहीत.

खुकुरीचे पोलाद बहुधा ट्रकच्या कमानपाट्याचे असते. घडण झाली की पाते लाल तापवतात आणि किटलीच्या तोटीतून नेमके धारेवरच पाणी सोडतात. धार कडक होते, पाठ चिवट राहते, म्हणून घाव बसला तरी पाते तुटत नाही. कमानपाट्याचा कोयता घडवणारा इकडचा लोहार आणि घिसाडीही पाणी देण्याचे हेच शास्त्र जाणतो. गावाबाहेर पाल ठोकून भट्टी पेटवणाऱ्या घिसाड्याच्या ऐरणीवर घण बहुतेक वेळा घरची बाईच घालते. सांडशीत धरलेले लोखंड नवरा फिरवतो आणि ती अचूक जागी घाव घालते.

दोन्हीकडे पूजेचा काळही एकच आहे. नेपाळात दशैंच्या नवरात्रात शस्त्रे आणि अवजारे पुजतात. मल्ल राजांची कुलदेवता तळेजू भवानी हिचे काठमांडूतले मंदिर सामान्य भाविकांना महानवमीलाच उघडे असते. इकडे तुळजापुरात भोसले घराण्याची कुलदेवता, अष्टभुजा महिषासुरमर्दिनी तुळजाभवानी, हिच्या नवरात्रात भवानी तलवार अलंकार पूजा बांधतात. देवी शिवरायांना तलवार देते आहे, असे ते रूप असते. बखरींच्या परंपरेत या तलवारीची दुसरीही हकिकत आहे: कोकणातल्या सावंतांकडून 300 होनांना घेतलेल्या परदेशी फिरंगेला महाराजांनी भवानी हे नाव दिले. या दोन हकिकतींतली खरी कोणती, यावर पुष्कळ वाद झाले आहेत. धर्मविचाराच्या दृष्टीने मात्र दुसरी अधिक मोलाची आहे. पाते परक्या भट्टीतले, पैसे मोजून घेतलेले, तरी ते भवानी होऊ शकते. म्हणजे पावित्र्य धातूत नाही आणि पात्याच्या कुळातही नाही.

मग ते येते कुठून? न्यायदर्शनात साधनाचे नेहमीचे उदाहरण कुऱ्हाडीचे आहे. कुऱ्हाड लाकूड तोडते ती लाकडाशी संयोग झाल्यावर, आणि हा संयोग घडवायला चेतन कर्ता लागतो. स्वतः अचेतन असलेल्या साधनाला पुण्यही नाही आणि पापही नाही. या विचाराने पाहिले तर हत्याराची पूजा म्हणजे कर्त्याने स्वतःला घातलेले बंधन ठरते: हे पाते देवीपुढे ठेवले, आता ते मनाला येईल तसे उगारता येणार नाही.

याला उलट उत्तरही याच मातीत आहे. बौद्ध आणि जैन या दोन्ही परंपरांशी जोडलेली धाराशिवची लेणी शहराच्या जवळच आहेत. बौद्ध उपदेशात उपासकाने टाळायच्या पाच व्यापारांत शस्त्रांचा व्यापार येतो. जैन श्रावकाच्या व्रतांत हिंसेची साधने दुसऱ्याला देणे हेसुद्धा निष्कारण पाप मानले आहे. या दृष्टीने साधन निर्दोष असले तरी ते हातात देणारा निर्दोष राहत नाही. हा आक्षेप जड आहे आणि शस्त्रपूजेचे कौतुक करणाऱ्यांनी तो सहसा टाळला आहे. नवमीला तुळजापुरात होणारा अजाबलीचा विधी किंवा दशैंतले खुकुरीच्या एका घावात दिले जाणारे बळी पाहिले, की केवळ पूजेने हत्यार हिंसेपासून दूर राहते असे म्हणता येत नाही.

कायद्याने हेतूची रेघ वेगळ्या ठिकाणी ओढली आहे. भारताच्या 1959 च्या शस्त्र कायद्याखालील नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्यांची हत्यारे शस्त्रांत मोडतात आणि त्यांत खुकुरीचे नाव घेतलेले आहे. घरकाम, शेती, विज्ञान आणि उद्योग यांसाठी घडवलेली पाती त्यातून वगळली आहेत. हातातल्या माणसाचा हेतू नव्हे, घडवतानाचा हेतू येथे पाहिला जातो.

घडवणाऱ्याकडे पूजा मात्र पाहत नाही, आणि या रीतीतली सर्वांत मोठी उणीव हीच आहे. खुकुरी घडवणाऱ्या कामी समाजाला नेपाळात अस्पृश्य मानले गेले. 1963 च्या मुलुकी ऐनाने अस्पृश्यतेचा कायदेशीर आधार काढला, तरी भेदभाव लगेच सरला नाही. पात्याला टिळा लागला आणि ते घडवणारा उंबऱ्याबाहेर राहिला. इकडे दसरा-दिवाळी झाली की भूम, वाशी, कळंब भागांतली कुटुंबे ऊसतोडीला निघतात. मुकादमाच्या हिशेबात नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. खंडेनवमीला कोयत्याला देवत्व देणारा समाज महिनाभरात माणसाला कोयता म्हणून मोजतो. कर्ता चेतन आणि साधन जड हा न्यायशास्त्राचा भेद येथे पुसला जातो, आणि पूजेचा अर्थच जातो. म्हणून खंडेनवमीला हत्यारे मांडणाऱ्या घरांनी ती घडवणाऱ्या लोहाराला, घिसाड्याला आणि घण घालणाऱ्या त्याच्या बायकोला घरात बोलवावे, पाटावर बसवावे, आणि पहिले कुंकू त्यांना लावावे.